वीज चमकण्याआधीचा अर्धा तास

यंदा वळीव लवकर आला. एप्रिल अर्धा सरला होता, दुपारचे चार वाजले होते आणि मी बारामतीच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलट्या करत होते. पूर्वेला, इंदापूरच्या अंगाला, ढगांची उतरंड चढू लागली. वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी पांढरी, खालून तव्याच्या बुडासारखी काळी. मी कुरडया चादरीत गोळा केल्या, जिन्याच्या दारात उभी राहिले आणि वीज चमकल्यावर तोंडातल्या तोंडात सेकंद मोजले. सातव्या सेकंदाला गडगडलं. म्हणजे अडीच किलोमीटरच्या आत. मुलगी खालून ओरडली, "आई, खाली ये, मोबाइलवर इशारा आलाय." मी म्हटलं, माझ्याकडंही आलाय.

सेकंद मोजायची ही सवय मला वरकुट्यात लागली. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची होते, बारामतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी पुण्याला नाव नोंदवून बसले होते. बसले होते हाच शब्द बरोबर आहे, कारण चार वर्षांत हाती काही लागलं नव्हतं. नोंदणीची मुदत जूनअखेर संपत होती. मुदत वाढवून हवी असेल तर काहीतरी दाखवायला हवं होतं, आणि दाखवण्यासारखं जे काही होतं ते ढगात होतं.

विषय असा. वादळी ढगात विजेचा ताण इतका वाढतो की तिथले इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात, हवेवर आदळतात आणि क्ष-किरण, गॅमा किरण बाहेर टाकतात, असं सिद्धांत सांगत होता. त्याच सुमाराला आभाळातल्या एका उपग्रहाला खाली पृथ्वीवरच्या वादळांमधून आलेले गॅमा किरणांचे झोत दिसल्याची बातमी आमच्यापर्यंत पोचली होती. एवढ्या वरून दिसतात, तर जमिनीवर बसून ते पकडता येतील का, हा माझा प्रश्न. त्यासाठी पुण्याच्या विभागानं मला दोन महिन्यांसाठी एक यंत्र दिलं होतं. दुधाच्या किटलीएवढा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्यात मिठाच्या जातीचा एक स्वच्छ स्फटिक. किरण आत शिरला की स्फटिकात क्षणभर उजेड पडायचा आणि मागची नळी तो टिपायची. शेजारी कागदाचा रोल संथपणे सरकत असायचा आणि त्यावर दोन पेनं चालायची. निळं पेन किरणांची संख्या दाखवायचं. लाल पेन छपरावरच्या तारेला जोडलेलं. वीज चमकली की ते टुणकन उडायचं.

जागा वरकुट्याला मिळाली. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील, तात्या, यांच्या वस्तीवर एक सुटी खोली होती. आजूबाजूला तारा कमी, आभाळ मोकळं आणि वळवाची वादळं हमखास. तात्यांच्या वडिलांपर्यंत त्या घरात मेंढरं होती. तात्या स्वतः पोरवयात कळपामागं कोकणापर्यंत चालत गेलेले. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि ऊस आला. पण ढगाकडं बघायची नजर मेंढरांमागचीच राहिली. हवा कोंडली की तात्या मान वर न करता सांगायचे, "आज येतंय." आणि यायचं.

किटली पहिल्यांदा खोलीत ठेवली तेव्हा तात्या आणि त्यांची बायको शेवंताकाकू दारात उभे होते.

"बाई, ह्यी किटली काय करती?" काकूंनी विचारलं.

"ढगातून किरण येतात का ते बघते."

"आन् आलं तर?"

"कागदावर लिहून ठेवते."

"एवढंच व्हय? मला वाटलं गारा थांबवती."

मी तात्यांना बजावलं की खोली रिकामी हवी, यंत्राजवळ काही ठेवायचं नाही. त्यांनी नांगराचे फाळ, ज्वारीची कणगी, खताची पोती, सगळं बाहेर लिंबाखाली नेलं आणि म्हणाले, "तुमी आलात की खोली मोकळीच दिसंल." किती नेमकं बोलले, ते मला फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्याचं काय काय आठवतं. एसटीच्या खिडकीचा हाताला चटका देणारा गज. फाट्यावर उतरल्यावर वस्तीपर्यंतची पांढरी, पायाखाली पिठासारखी होणारी वाट. कोरड्या कालव्यात पाण्याची पाळी सुटली की लोंढ्याआधी येणारा चिखलाचा वास. ट्रॅक्टरची बॅटरी, कारण ढग आला की वीजमंडळाची वीज आधी जायची आणि माझं यंत्र त्या बॅटरीवर चालायचं. ती तापली की खोलीभर आंबूस वास. पेनांच्या शाईचे माझ्या दोन साड्यांच्या पदरांना पडलेले डाग. आणि परीक्षा. कॉलेजात पेपर चालू होते, दुपारी सुपरव्हिजन असायचं. त्यामुळं वादळ व्हायचं तेव्हा मी बारामतीत कुणाच्या तरी बाकाशेजारी उभी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वरकुटं गाठायचं, आदल्या दिवसाचा कागद फाडून घ्यायचा, नवा रोल लावायचा आणि अकराच्या गाडीनं परत. वादळांवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईनं त्या महिन्यात यंत्राशेजारी बसून एकही वादळ पाहिलं नव्हतं. तेव्हा मला यात काही खटकलं नाही.

पहिल्याच वादळाचा कागद उलगडला आणि मी खाली बसले. लाल पेन पावणेपाचला उडायला लागलं होतं, म्हणजे पहिली वीज तेव्हाची. पण निळी रेघ सव्वाचारलाच वर चढली होती. एकदम नाही, पायरी पायरीनं, आणि चढून तिथंच थांबली होती. वीज चमकण्याआधी अर्धा तास ढगातून किरण येत होते. आठवड्यानं दुसरं वादळ. पुन्हा तेच. तिसरं, चौथं. दर वेळी निळी रेघ आधी, लाल मागाहून. मी कागद छातीशी धरून फाट्यावर आले आणि तिथल्या गाड्यावर एकटीनं दोन प्लेट भेळ खाल्ली.

माझ्या मार्गदर्शक सरांना पत्र टाकलं. त्यांचं कार्ड आलं, त्यात दोनच वाक्यं होती. "उत्तम. पण सकाळी सातला रेघ एकदम खाली का येते?" हे मलाही दिसलं होतं. रात्रभर वर राहिलेली रेघ सकाळी सातच्या सुमाराला झपकन जागेवर यायची. मी दोन पानी उत्तर लिहिलं. पावसानं जमिनीवर आणलेले कण, सूर्योदय, जमीन तापणं, वाफ, वारा. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात. आज माझ्या वर्गातल्या कुणी असं उत्तर लिहिलं तर मी त्याला उभं करून विचारीन, तू सातला तिथं होतास का?

माणसाला एखादी गोष्ट हवी असली की ती समजावून सांगायला किती हुशारी सुचते, हे मी त्या दोन पानांवरून शिकले. इतर बाबतींत मी व्यवहारी होते. भाजी घेताना देठ मोडून बघायचे. स्वतःचा शोध तसा मोडून बघितला नाही.

सरांनी कळवलं की येत्या रविवारी ते येतील, आणि सोबत समितीतले दुसरे एक प्राध्यापक असतील. मुदतवाढीच्या कागदावर सही त्यांची. एक वादळ त्यांच्या डोळ्यांदेखत झालं आणि रेघ चढली की काम फत्ते. तात्यांना विचारलं, रविवारी येईल का? ते म्हणाले, "येतंय की. तुमी सायबांना दोनच्या आत जेवून घ्यायला सांगा."

पाहुणे येणार म्हणून काकूंनी खोली शेणानं सारवली, दारात रांगोळी काढली. किटलीवरची धूळ पुसून त्या तिला हळदीकुंकू लावायला निघाल्या होत्या, ते मी अडवलं. जेवणात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि आमरस. समितीचे प्राध्यापक शिडशिडीत, कमी बोलणारे. रस मात्र तीन वाट्या घेतला. तीन वाजता पूर्वेला ढग दिसले. आम्ही तिघं खोलीत येऊन कागदासमोर बसलो. तात्या उंबऱ्यावर.

सव्वातीन. निळी रेघ सरळ. साडेतीन. सरळ. हवा कोंडली, चिमण्या लिंबात शिरल्या, अंगणात अंधारलं. रेघ सरळ. मी सरांना म्हटलं, आता चढेल. ते म्हणाले, "बघू." पावणेचारला लाल पेन उडालं. लांब गडगडलं. पुन्हा उडालं. निळी रेघ पट्टीनं आखावी तशी. मी वायरी हलवून पाहिल्या, बॅटरी तपासली, डब्याला कान लावला. डब्याला कान लावून काय ऐकू येणार होतं कोण जाणे. समितीचे प्राध्यापक एकदा कागदाकडं, एकदा घड्याळाकडं बघत होते.

तेवढ्यात बाहेर तात्या आणि काकूंची हलक्या आवाजात वादावादी सुरू झाली.

"आज न्हाय. पाव्हणं बसल्यात आत," तात्या म्हणाले.

"पाव्हणं काय उसाला खत घालणार हायती व्हय? थेंब पडाय लागलं, अवो. उचला."

"तुला काय लाजबिज?"

"लाज भिजत न्हाय. पोती भिजत्यात."

आणि काकू पदर खोचून पोत्याचं एक टोक धरून आत आल्या. दुसरं टोक तात्यांच्या हातात. "सायेब, जरा पाय घ्या वर." किटलीमागच्या भिंतीला त्यांनी पोतं टेकवलं, कारण छप्पर फक्त त्या कोपऱ्यात गळत नव्हतं. मग दुसरं. तिसऱ्याला सर स्वतः उठले आणि पंचावन्नाव्या वर्षी पोत्याला हात लावला. पाऊस आता पत्र्यावर ताशा वाजवत होता. काकूंनी जाता जाता अंगणात कोयता भिरकावला. वीज पडायचीच असेल तर तिला लोखंड बाहेरच मिळावं, घरात शोधायला येऊ नये, असा त्यांचा हिशेब. पोत्यांची ये-जा चालूच होती.

"थांबा," समितीचे प्राध्यापक म्हणाले. कागदावरून त्यांची नजर हलली नव्हती. "चढली."

खरंच चढली होती. पायरी पायरीनं. एका पोत्याला एक पायरी.

सरांनी पोतं खाली ठेवलं, हात झटकले आणि विचारलं, "तात्या, कसलं खत आहे हे?"

"पोटॅश. उसाच्या मोठ्या बांधणीला आणलंय."

सर पोत्यावरच बसले. आधी खांदे हलले, मग आवाज आला. इतकं हसताना मी त्यांना त्याआधीही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पोटॅश म्हणजे पोटॅशियम आणि पोटॅशियमचा एक बारीकसा अंश निसर्गतःच किरण सोडतो. मातीत सोडतो, केळ्यात सोडतो, तुमच्या माझ्या हाडामांसात सोडतो. त्यानं कुणाला काही होत नाही. पण बारा पोती आणि हाताच्या अंतरावर माझी नाजूक किटली. हे मी बी.एस्सी.च्या वर्गाला दर वर्षी शिकवत होते.

"एक बाहेर काढा," सर म्हणाले.

"आत्ता तर आत घेतलं," काकू म्हणाल्या.

"काढा तरी."

काढलं. रेघ एक पायरी उतरली. आत घेतलं, चढली. तिसऱ्यांदा तात्यांनी पोतं टेकवलं आणि कमरेवर हात ठेवून कागदाकडं पाहिलं. "म्हंजी ह्यी किटली पोती मोजती."

"तसंच म्हणा," मी म्हटलं.

"मग आमालाच इचारायचं व्हतं, बाई. बारा हायती."

मी काकूंना विचारलं, रोज ढग आला की पोती आत घेत होता? "मग काय भिजू देयाची? ढग दिसला की आत. आन् सकाळी तुमची एसटी यायच्या आधी बाहेर. तुमीच म्हनला व्हता खोली मोकळी पायजे. एक दिवस तरी तुमाला अडचण झाली का?" एक दिवसही झाली नव्हती. माझी अडचण होऊ नये म्हणून ते दोघं रोज सकाळी सातला सहाशे किलो खत बाहेर वाहत होते. माझ्या चार कागदांनी एक गोष्ट मात्र पक्की सिद्ध केली होती. वीज चमकण्याआधी बरोबर अर्धा तास शेवंताकाकूंना ढग ओळखता येत होता, आणि त्या एकदाही चुकल्या नव्हत्या.

समितीचे प्राध्यापक हसले नव्हते. पाऊस ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग मुदतवाढ कशावर मागता?"

त्या घडीला मला किटली उचलून कालव्यात टाकावीशी वाटत होती. ते न करता मी म्हटलं, "पेपर संपलेत. यंत्र अजून दहा दिवस माझ्याकडं आहे. पोती लांब जातील आणि मी इथंच राहीन. जे मिळेल ते दाखवते."

"काही नाही मिळालं तर?"

"तेही दाखवते."

ते म्हणाले, ठीक. सरांनी जाताना दोन कामं सांगितली. एक, मोजणी दोन भागांत, दोन निळ्या रेघांत करायची. मातीचे, खताचे, पावसातले किरण कमी ताकदीचे असतात. त्यांच्या वरच्या ताकदीचे वेगळे मोजायचे, ढगाचे असले तर तिथं दिसतील. दोन, त्यांच्या पिशवीत स्फटिक नसलेली एक नुसती नळी होती. ती शेजारी लावायची, तिचा कागद वेगळा. तिला किरण दिसणारच नाहीत, तेव्हा विजेच्या वेळी तीही उडाली तर समजायचं की तो वायरीतला झटका. "आपल्याला हवं ते दिसलं की आधी हिला विचारायचं," ते म्हणाले.

ते दहा दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहेत, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. पोती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली, शंभर पावलांवर. सकाळी काकूंबरोबर गोठ्यात धारा, दुपारी लिंबाखाली डुलकी, चारनंतर आभाळाकडं तोंड. ढग येताना गार वाऱ्याची पहिली झुळूक नेहमी ढगाकडून, थेट कपाळावर लागते, हे मला तिथं कळलं. पुस्तकात वाचलेला ढग आणि अंगावर येणारा ढग यांच्यात तेवढ्या झुळकीचा फरक असतो. तात्या म्हणायचे, मेंढरांना हा वारा माणसाआधी कळतो. ती चरायची थांबतात आणि एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालतात. "आमची दुर्बीण तीच," ते म्हणायचे.

एक वादळ भिगवणच्या बाजूनं निघून गेलं. दुसरं आलं. या वेळी रेघ आधी चढली नाही. पाऊस सुरू झाल्यावर कमी ताकदीची रेघ सावकाश फुगली आणि पाऊस थांबल्यावर दर अर्ध्या तासाला निम्मी होत उतरली. जमिनीतून निघणारा एक वायू हवेत आपले कण सोडतो, पाऊस ते धुऊन खाली आणतो, हे ठाऊक होतं. पोत्यांच्या पायऱ्यांखाली ही टेकडी महिनाभर दबून गेली होती. पुढच्या पावसात मी काकूंकडचं जुन्या धोतराचं फडकं अंगणात अंथरलं, भिजल्यावर घडी करून किटलीवर ठेवलं आणि घड्याळ लावून बसले. अर्ध्या तासानं निम्मं.

"आता फडकं मोजती व्हय?" काकू म्हणाल्या.

"मोजते. हे खरं आहे."

"आन् वाळल्यावर देशीला का परत?"

शेवटच्या दिवशी मोठं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी यंत्र पुण्याला जायचं होतं. तात्या, काकू आणि मी खोलीत, दार लोटलेलं. विजा पाच सेकंदांवर होत्या, मग तीन, मग दोन. आणि मग चमक आणि आवाज एकदमच आले. कालव्यापलीकडच्या बाभळीवर पडली होती. लाल पेन कागदाच्या काठावर आपटलं. आणि जास्त ताकदीच्या निळ्या रेघेवर, नेमकी त्याच जागी, एक बारीक उभी रेघ होती.

मी ती पाहिली. काकूंनीही पाहिली. "आलं का?" त्या म्हणाल्या.

कागदावर यावी म्हणून दोन महिने वाट पाहिलेली ती रेघ. जागा बरोबर, वेळ बरोबर. सगळी रेघ फार तर तांदळाच्या दाण्याएवढी. मी लगेच दुसऱ्या नळीच्या कागदाकडं पाहिलं नाही. किती वेळ पाहिलं नाही ते सांगता येणार नाही. तात्यांची विडी अर्धी झाली असेल. मग पाहिलं. रिकाम्या नळीच्या रेघेवरही त्याच ठिकाणी तसाच दाणा होता.

मी वही ओढली आणि लिहिलं, वीज अगदी जवळ, दोन्ही नळ्यांत झटका, ढगातून किरण: नाही.

तात्यांनी विचारलं, "काय लिवलं?"

"नाही, असं लिहिलं."

"एक न्हाय लिवाय दोन महिने लागलं व्हय?"

"लागले, तात्या."

"मग पक्कं असंल," ते म्हणाले आणि बाभूळ बघायला निघाले.

पुढं इतर ठिकाणी, जास्त चांगल्या यंत्रांनी, लोकांनी असे किरण जमिनीवरूनही पकडले. मला त्याचा आनंद झाला. आपण ज्या दारात उभे होतो ते दार होतं तर, असं वाटलं. माझा प्रबंध पावसानं खाली आणलेल्या कणांवर झाला, आणि बरा झाला. पण ते नंतरचं. त्या जूनमध्ये मी समितीच्या प्राध्यापकांसमोर टेबलावर सगळे कागद क्रमानं ठेवले. पोत्यांच्या पायऱ्या, पावसाची टेकडी, फडक्याचा आलेख आणि शेवटी ते 'नाही'. पहिले तीन त्यांनी भराभर उलटले. चौथ्यावर थांबले, चष्मा काढून दोन्ही नळ्यांचे दाणे शेजारी शेजारी धरून बघितले. मग पेन उघडून मुदतवाढीचा कागद मागितला.